गडावरील तोतया : प्रश्नमंजूषेच्या खेळातून पुराव्याचे शिक्षण

शाळेत शिकविलेला पाठ विद्यार्थ्यांच्या कितपत पचनी पडला आहे, हे पाहण्यासाठी प्रश्नमंजूषा घेण्याची पद्धत जुनी आहे. फळ्यावर दोन गटांची नावे लिहावयाची, आळीपाळीने प्रश्न विचारावयाचे व शेवटी गुणांची बेरीज करावयाची, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. या पद्धतीत एक उणीव मात्र राहून जाते. उत्तर येणारी चारदोन मुले पुढे होतात आणि उरलेला वर्ग प्रेक्षक बनतो. शिवाय उत्तर बरोबर की चूक एवढेच ठरते; मिळालेल्या माहितीचे पुढे काय करावयाचे, तिच्यावर कितपत विसंबावयाचे, याचे शिक्षण त्यातून मिळत नाही. ही उणीव भरून काढणारा एक प्रकार अलीकडे परदेशातील शाळांमध्ये रूढ झाला आहे. प्रश्नांची उत्तरे देत देत आपल्यात लपलेला तोतया शोधून काढावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. हा प्रकार कोठून आला, तो कसा खेळावा, त्यात यश कसे मिळवावे व तो खेळविताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाची पूर्वपीठिका

लपलेला अपराधी ओळखण्याचा खेळ आपल्याकडे नवा नाही. राजा, प्रधान, चोर आणि शिपाई अशा चार चिठ्ठ्या करून खेळला जाणारा खेळ खेड्यापाड्यांतील मुलांना ठाऊक आहे. राजाची चिठ्ठी ज्याला येते तो ती उघड करतो, प्रधानास पुढे बोलावतो आणि उरलेल्या दोघांतून चोर ओळखण्याची आज्ञा देतो. प्रधानाजवळ पुरावा काहीच नसतो. समोरच्या दोघांचे चेहरे पाहून त्याला अंदाज बांधावा लागतो. म्हणजे त्याचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी असते. या खेळात मौज आहे, परंतु विचाराला वाव थोडा आहे.

सोव्हिएत रशियात १९८६-८७ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातील दिमित्री डेव्हिडॉफ यांनी 'माफिया' नावाचा खेळ रचला. त्यात थोड्या खेळाडूंना परस्परांची ओळख असते व बाकीच्या बहुसंख्य खेळाडूंना ती नसते. माहिती असलेले अल्पसंख्य आणि माहिती नसलेले बहुसंख्य यांच्यातील ही झुंज आहे. रात्री डोळे मिटल्यावर अल्पसंख्य एकेकास बाद करतात. दिवसा सर्वजण चर्चा करून मतदानाने एका संशयितास बाहेर काढतात. अमेरिकेत अँड्र्यू प्लॉटकिन यांनी १९९७ साली याच खेळाला गावात शिरलेल्या नरलांडग्याच्या कथेचे रूप दिले. २०१८ साली 'अमंग अस' हा अवकाशयानात घडणारा संगणकीय खेळ निघाला आणि २०२० साली महासाथीमुळे मुले घरात अडकून पडली असताना तो जगभर पसरला.

शाळेशी या खेळाचा संबंध जुळला तो याच वर्षी. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सिॲटल शहराजवळ जॉश फाइन्सिल्बर या शाळकरी विद्यार्थ्याने २०१७ साली 'गिमकिट' नावाची प्रश्नमंजूषा तयार केली होती. तिच्यात २०२० साली 'ट्रस्ट नो वन', म्हणजे 'कोणावरही विश्वास ठेवू नका', या नावाचा प्रकार समाविष्ट करण्यात आला. यात विद्यार्थी आपापल्या पडद्यावर शिक्षकाने दिलेल्या प्रश्नांची उत्तरे देतात. बरोबर उत्तरांतून जी शक्ती साठते ती खर्च करून सहकाऱ्याचा तपास करता येतो व मतदानासाठी सभा बोलाविता येते. यानातील खरे कर्मचारी तोतयांना हुडकतात. तोतये आपले खरे रूप झाकण्याचा प्रयत्न करतात. अभ्यास जितका पक्का तितका तपास अधिक, हे या रचनेचे मर्म होय.

गणितज्ञांनीही या खेळाची दखल घेतली आहे. ब्रेव्हरमन, इतेसामी व मोसेल या तिघा अभ्यासकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मूळ 'माफिया' खेळाचे विवेचन केले. गावात गुप्त तपासनीस नसेल, तर अल्पसंख्यांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या मानाने असली तरी दोन्ही पक्ष तुल्यबळ ठरतात, असे त्यांनी दाखविले. तपासनीस असेल, तर मात्र तोल राखण्यासाठी अल्पसंख्यांचे प्रमाण एकूण संख्येच्या ठराविक हिश्शाइतके असावे लागते. याचा व्यवहारी अर्थ असा की, खात्रीची थोडीशी माहितीदेखील बहुसंख्यांच्या बाजूने पारडे झुकविते.

नावाचा विचार

हा खेळ आपल्या वर्गात आणताना 'चोर' हा शब्द टाळणे श्रेयस्कर. इंग्रज राजवटीने १८७१ साली केलेल्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तथापि त्या विमुक्त जमातींतील मुलांना हा शब्द आजही कोठे कोठे ऐकून घ्यावा लागतो. ज्या वर्गात असे मूल बसले आहे, तेथे गंमत म्हणून उच्चारलेला शब्दही बोचल्याशिवाय राहत नाही.

मराठीत त्याहून नेमका शब्द उपलब्ध आहे, तो म्हणजे 'तोतया'. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे भाऊ म्हणवून घेणारा एक मनुष्य उभा राहिला. लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, कोकणातील काही किल्लेही त्याच्या हाती गेले, आणि अखेर १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकर यांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आधारलेले आहे. समोरचा मनुष्य खरा की खोटा, हा प्रश्न त्या काळी मोठमोठ्यांपुढे उभा राहिला होता. तेव्हा वर्ग म्हणजे एक गड, शिक्षक म्हणजे किल्लेदार, विद्यार्थी म्हणजे गडकरी आणि त्यांच्यात शिरलेले तोतये, अशी कल्पना केल्यास खेळ मुलांच्या चटकन ध्यानात येतो.

वर्गात खेळण्याची पद्धत

ज्या शाळांत संगणक किंवा भ्रमणध्वनी उपलब्ध नाहीत, तेथेही हा खेळ कागदाच्या चिठ्ठ्यांवर उत्तम प्रकारे खेळता येतो. तीस विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी पुढील रचना सोयीची आहे. सोमवारपासून शनिवारपर्यंत, रोज शेवटच्या तासिकेतील काही मिनिटे त्यासाठी राखून ठेवावीत.

(१) सोमवारी किल्लेदाराने तीस चिठ्ठ्या वाटाव्यात. सत्तावीस चिठ्ठ्यांवर 'गडकरी' व तीन चिठ्ठ्यांवर 'तोतया' असे लिहिलेले असावे. तोतयांच्या चिठ्ठ्यांवर तिघांचेही हजेरी क्रमांक असावेत, म्हणजे त्यांना परस्परांची ओळख राहील. त्यासाठी तीन क्रमांक आधी चिठ्ठ्या टाकून ठरवावेत आणि प्रत्येक चिठ्ठी घडी घालून त्या त्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. वाचून झाल्यावर सर्व चिठ्ठ्या परत घ्याव्यात.

(२) दररोज चालू पाठावरील पाच प्रश्न विचारावेत. प्रत्येकाने कागदावर स्वतःचा क्रमांक, पाच उत्तरे व ज्याचा तपास करावयाचा त्याचा क्रमांक लिहून कागद किल्लेदाराकडे द्यावा.

(३) पाचही उत्तरे बरोबर देणारे तपासास पात्र ठरतात. दिवसाला पाचच तपास मंजूर करावेत. पात्र विद्यार्थी अधिक असल्यास किल्लेदाराने खाजगीत चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याला एकदा तपास मिळाला, त्याचे नाव इतर पात्र विद्यार्थ्यांना संधी मिळेपर्यंत पुन्हा घालू नये.

(४) दुसऱ्या दिवशी सर्वांचे कागद घडी घालून परत करावेत. तपास मंजूर झालेल्यांच्या कागदावर 'गडकरी' किंवा 'तोतया' हे उत्तर असेल. इतरांच्या कागदावर शून्य असेल. कोणाला तपास मिळाला हे बाहेरून कळता कामा नये. एकूण किती तपास मंजूर झाले, हे मात्र किल्लेदाराने मोठ्याने सांगावे.

(५) बुधवारपासून रोज एक याप्रमाणे चार सभा घेता येतात. सभेत चर्चा व्हावी व शेवटी मतदान व्हावे. ज्याच्याविरुद्ध वर्गातील निम्म्याहून अधिक मते पडतील, तो गडाबाहेर जाईल व आपले खरे रूप सांगेल. तसे बहुमत कोणाविरुद्धही न झाल्यास ती सभा वाया गेली असे समजावे.

(६) गडकऱ्यांनी आपल्या तपासाविषयी खोटे बोलू नये, हा नियम आहे. तोतयांना मात्र खोटे बोलण्याची मुभा आहे.

(७) चार सभांत तिन्ही तोतये सापडल्यास गडकरी जिंकले. एक जरी शिल्लक राहिला तरी तोतये जिंकले. म्हणजे गडकऱ्यांना एकच चूक परवडते.

(८) गडाबाहेर गेलेल्या विद्यार्थ्यास रिकामे बसवू नये. त्याला किल्लेदाराचा कारभारी नेमून प्रश्न काढण्याचे व मते मोजण्याचे काम द्यावे.

अंदाज आणि पुरावा यांतील अंतर

पुरावा नसताना मतदान केल्यास काय होते, हे मुलांकडून फळ्यावर गणित करवून दाखवावे. तीस जणांत तीन तोतये आहेत. डोळे मिटून एकाचे नाव घेतले, तर तो तोतया असण्याची शक्यता दहात एक. म्हणजे दहापैकी नऊ वेळा निरपराध गडकरी बाहेर जाईल. चारही सभा अशाच अंदाजाने घेतल्या तर? तिसांतून चार जण निवडण्याचे २७,४०५ प्रकार होतात. त्यांपैकी ज्यांत तिन्ही तोतये सापडतील असे प्रकार केवळ २७ आहेत. म्हणजे यशाची शक्यता १,०१५ मध्ये एक एवढीच उरते. हा आकडा पाहिल्यावर 'मला वाटते तोच असेल' या वाक्याची किंमत मुलांना आपोआप कळते.

आता तपासाकडे वळू. पहिल्या सभेपूर्वी सोमवार व मंगळवार मिळून दहा तपास होतात. हे दहाही तपास वेगवेगळ्या दहा जणांचे झाले, तर निदान एक तोतया हाती लागण्याची शक्यता शेकडा ७२ इतकी येते. परंतु मुलांनी आपापल्या मनाने नावे लिहिली, ज्यांचा संशय सर्वांनाच येतो अशा चौघांवरच ते दहाही तपास खर्च झाले, तर तीच शक्यता शेकडा ३६ वर उतरते. श्रम तेवढेच, प्रश्नांची उत्तरे तेवढीच बरोबर. केवळ कामाची वाटणी न केल्यामुळे फळ निम्मे झाले. (दोन्ही आकडे तपास करणारे सर्वजण गडकरी आहेत असे धरून काढले आहेत.) पाणलोटाचे काम असो वा लसीकरणाची गावपाहणी असो, एकाच घरी चारदा जाणे आणि चार घरांना एकेकदा जाणे यांतील फरक हाच आहे.

गडकऱ्यांनी कसे जिंकावे

पहिली गोष्ट अभ्यासाची. पाचही उत्तरे बरोबर आल्याशिवाय तपास मिळत नाही. म्हणून जिंकण्याची वाट पाठ्यपुस्तकातूनच जाते. ज्या गडावर पात्र गडकरी अधिक, त्या गडावर मंजूर तपास तोतयाच्या हाती पडण्याचा धोका कमी. यास्तव हुशार विद्यार्थ्याने शेजाऱ्यालाही तयार करणे त्याच्या स्वतःच्या हिताचे ठरते.

दुसरी गोष्ट वाटणीची. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या पुढील हजेरी क्रमांकाचे नाव लिहावे आणि तिसाव्याने पहिल्याचे लिहावे, असा साधा संकेत ठरविला तर कोणाचेही नाव दोनदा येत नाही. ज्यांचा तपास झाला नाही, त्यांची वाटणी दुसऱ्या दिवशी अशाच रीतीने करता येते.

तिसरी गोष्ट लेखनाची. प्रत्येक गडकऱ्याने तपासवही ठेवावी. कोण काय म्हणाला, कोणी कोणाविरुद्ध मत दिले, हे त्याच वेळी लिहून ठेवावे. एखादा तोतया सापडल्यावर मागील पाने उलटून पाहावीत. त्याला वाचविण्यासाठी कोणी विषय बदलला होता, कोणी ऐन वेळी मत दुसरीकडे वळविले होते, हे त्या पानांवरून उलगडते. आठवण आपल्या सोयीने बदलते. लेखी नोंद बदलत नाही.

चौथी गोष्ट दावे मांडण्याच्या रीतीची. सभेत एकामागून एक बोलू लागल्यास तोतये आधीच्यांचे ऐकून आपले खोटे बेतून घेतात. म्हणून प्रत्येकाने आपल्याला तपास मिळाला की नाही व त्यात काय निघाले, हे प्रथम कागदावर लिहावे आणि मग सर्वांनी आपापला कागद एकदम वर धरावा. समजा, किल्लेदाराने दहा तपास मंजूर झाल्याचे सांगितले आहे आणि दावे मात्र बारा आले. तर त्या बारांत निदान दोन तोतये आहेत, हे कोणाचीही मुद्रा न पाहता सिद्ध होते. मूळ 'माफिया' खेळात तपासनीस आपली माहिती लपवून ठेवतो, कारण ती उघड केल्यास रात्री त्याचाच बळी जातो. येथे रात्रीचा बळी नाही. म्हणून माहिती लवकर व सर्वांसमक्ष मांडणे हेच गडकऱ्यांच्या हिताचे आहे.

पाचवी गोष्ट परस्परविरोधी दाव्यांची. समजा, चौथ्या क्रमांकाचा विद्यार्थी म्हणतो की अकरावा तोतया आहे, आणि अकरावा म्हणतो की चौथाच तोतया आहे. दोघेही गडकरी असणे शक्य नाही, कारण गडकरी खोटे बोलत नाही. म्हणून दोघांत निदान एक तोतया आहे. अशा वेळी घाईने मत न देता चौथ्याचा तपास करावा. तो गडकरी निघाला, तर त्याचे म्हणणे खरे आणि अकरावा निश्चित तोतया. तो तोतया निघाला, तर त्याला बाहेर काढावे. परंतु तेवढ्यावरून अकरावा निर्दोष ठरत नाही. गडकऱ्यांचा विश्वास मिळविण्यासाठी तोतया आपल्या साथीदाराचाही बळी देऊ शकतो. येथेच पुष्कळ गडकरी फसतात.

सहावी गोष्ट सभेच्या किमतीची. सभा चारच आहेत आणि पुरावा नसताना घेतलेली सभा दहापैकी नऊ वेळा निरपराधाला बाहेर काढते. मते कोणाविरुद्धच एकवटली नाहीत तर एक सभा वाया जाते. परंतु निरपराध बाहेर गेल्यास सभाही जाते आणि तपास करू शकणारा एक गडकरीही जातो. तेव्हा पुरावा अपुरा असताना मत न देणे हा दुबळेपणा नसून विवेक होय.

तोतयांनी कसे जिंकावे

तोतयाची भूमिकाही मनापासून वठविली पाहिजे. अन्यथा खेळात जीव राहत नाही. तोतयानेही अभ्यास करावा, कारण पात्र ठरलेला तोतया एक मंजूर तपास गडकऱ्यांकडून हिरावून घेतो. तिघांनी एकत्र मत देऊ नये. तसे केल्यास पहिला सापडताच उरलेल्या दोघांची नावे वहीतून वर येतात. अतिशय गप्प बसू नये आणि फार पुढे पुढेही करू नये. ज्याची शहानिशा लगेच होईल असे खोटे बोलू नये. तोतयाने एका निरपराधाला तोतया ठरविले आणि मतदानानंतर तो गडकरी निघाला, तर आरोप करणारा आपणहून उघडा पडतो. म्हणून चतुर तोतया आपल्या साथीदाराला 'मी तपासला, गडकरीच आहे' असे सांगतो. कारण निर्दोष ठरविलेल्याचा दुसऱ्यांदा तपास करण्याची बुद्धी सहसा कोणास होत नाही.

हे डाव शिकविणे म्हणजे मुलांना खोटे बोलण्यास शिकविणे नव्हे काय, अशी शंका पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. नाटकात कंसाची भूमिका करणारा मुलगा घरी जाऊन कंस होत नाही. तद्वत खेळातील कपट खेळाच्या चौकटीत राहते. ती चौकट सांभाळण्याची जबाबदारी मात्र किल्लेदाराची आहे. शिवाय खोटे कसे रचले जाते, हे ज्याने एकदा आतून पाहिले, तो पुढे दुसऱ्याच्या खोट्याला सहजासहजी बळी पडत नाही. बनावट दूरध्वनी करून बँकेचा सांकेतिक क्रमांक विचारणारा मनुष्य तोतयाच असतो, आणि त्याचेही पहिले शस्त्र समोरच्याला घाई करावयास लावणे हेच असते.

किल्लेदाराने घ्यावयाची काळजी

हा खेळ खेळताना शिक्षकाने एका गोष्टीकडे बारकाईने लक्ष द्यावे. पहिल्या सभेत, हाती पुरावा नसताना, कोणाचे नाव प्रथम पुढे येते? बहुधा ते अबोल मुलाचे असते, नव्याने दाखल झालेल्या मुलीचे असते, किंवा घरी वेगळी भाषा बोलणाऱ्याचे असते. सीमाभागातील मराठी शाळेत घरी कन्नड बोलणारे मूल असते, गोव्यात कोकणी बोलणारे असते, इंदूर वा हैदराबादेकडील शाळेत हिंदी किंवा तेलुगू बोलणारे असते. त्याने काहीच केलेले नसते. चिठ्ठ्या तर आंधळेपणाने वाटलेल्या असतात. तरीही बोटे त्याच्याकडे वळतात, आणि बोट दाखविणाऱ्यास आपण का दाखविले हे सांगता येत नाही.

यास्तव पुढील नियम फळ्यावर ठळकपणे लिहून ठेवावा : कारण सांगितल्याशिवाय नाव घ्यावयाचे नाही. कारण म्हणजे तपासाचा निकाल, दाव्यातील विसंगती किंवा मतदानाची नोंद. 'तो हसला', 'ती खाली बघते', 'तो नेहमीच तसा असतो' ही कारणे नव्हेत. जात, भाषा, आडनाव, वस्ती व पूर्वीचे वर्तन यांचा तर उच्चारही होऊ नये. ज्याच्यावर आरोप झाला, त्याला मतदानापूर्वी एक मिनिट अखंड बोलू द्यावे. एखादे मूल रडवेले झाल्यास खेळ तेथेच थांबवावा. ज्याला तोतया व्हावयाचे नाही, त्याने सोमवारी चिठ्ठी गुपचूप परत करावी. त्याचे कारण विचारू नये. मात्र अशा वेळी सर्वच चिठ्ठ्या गोळा करून तोतये नव्याने ठरवावेत, म्हणजे आधीच्या चिठ्ठ्यांवरील नावे निरुपयोगी होतील.

शनिवारी निकाल लागल्यानंतरची पंधरा मिनिटे सर्वांत मोलाची आहेत. निरपराध असूनही बाहेर काढले गेलेल्यांना आपला अनुभव प्रथम सांगू द्यावा. त्यानंतर वर्गाला विचारावे की, त्यांच्याविरुद्ध मत देताना हाती नेमका कोणता पुरावा होता? तपासवह्या उघडाव्यात व उत्तर त्यांतून शोधावे. गुणांच्या बेरजेपेक्षा या चर्चेची नोंद शिक्षकाने आपल्या टाचणवहीत अवश्य करावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पाठांतराऐवजी चिकित्सक विचारावर जो भर दिला आहे, त्याचा प्रत्यक्ष वस्तुपाठ या पंधरा मिनिटांत मिळतो.

गावाच्या दृष्टीने

या खेळाचे महत्त्व शाळेच्या भिंतींपुरते मर्यादित नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरली होती. ते पाचही जण निरपराध होते. त्या गर्दीत एकानेही कारण विचारले असते, एकानेही पोलीस येईपर्यंत थांबा असे म्हटले असते आणि बाकीच्यांनी ते ऐकले असते, तर पाच कुटुंबांवरील आघात टळला असता. तेथे दुसरी सभा नव्हती आणि एका चुकीचीही सवलत नव्हती.

गडावरील खेळात तीन तोतये सत्तावीस गडकऱ्यांना मतांच्या बळावर कधीच हरवू शकत नाहीत. ते जिंकतात तेव्हा सत्तावीस जणांच्या घाईमुळे, आळसामुळे किंवा एखाद्याविषयीच्या मनातील अढीमुळे जिंकतात. ही गोष्ट दहा-बारा वर्षांच्या वयात चिठ्ठ्यांच्या साहाय्याने ज्याने अनुभवली, तो मोठेपणी ग्रामसभेत, बाजारात किंवा रस्त्यावरील गर्दीत उभा असता 'पुरावा काय?' एवढे तरी विचारील. ज्यांच्याकडे बहुवर्ग शिक्षणाची जबाबदारी आहे अशा एकशिक्षकी शाळांतही, मुलांची संख्या पाहून तोतयांची संख्या एक वा दोन ठेवावी व त्या मानाने तपासांची व सभांची संख्याही कमी करावी, म्हणजे हा खेळ घेता येतो. त्याला खर्च लागत नाही. लागतात त्या कागदाच्या चिठ्ठ्या, शिकविलेला पाठ आणि कारण ऐकून घेण्याची शिस्त. शिक्षकबंधू-भगिनींनी आपल्या वर्गात तो अवश्य करून पाहावा, आणि शनिवारच्या चर्चेस पालकांना व शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांनाही आवर्जून बोलवावे.